उताऱ्यात न आलेली रेघ

३ जुलै १९७४

पोस्टमनने शाळेत तीन पत्रं दिली. वस्तीची पत्रं शाळेच्या पत्त्यावर येतात आणि मी संध्याकाळी घरोघर जाऊन वाचून दाखवतो. कुणाचं आधी वाचायचं यावरून रुसवेही होतात. आज दोन किरकोळ. तिसरं किसनच्या लेकीचं, सुजाताचं, औरंगाबादहून. एरवी तिचं कार्ड गच्च भरलेलं असतं, पत्त्याच्या बाजूलाही दोन ओळी चढलेल्या. आज पाच-सहाच ओळी.

पदव्युत्तर वर्गांची शिष्यवृत्ती यंदापासून बौद्धांना नाही. सरकारला काटकसर करायची आहे. आपल्याला राज्याच्या वेगळ्या पैशातून मिळत होती, ती तरतूद काढली. ज्यांच्या कागदावर जुनी जात आणि हिंदू धर्म आहे त्यांची वरून, केंद्राकडून येते, ती चालू. शिष्यवृत्ती गेली की वसतिगृहातली खोलीही गेली. ऑगस्टअखेरपर्यंत मुदत.

किसनच्या ओट्यावर बसून वाचलं. गयाबाई आत भाकरी थापत होती, हात थांबला नाही. किसन म्हणाला, "पुन्ना वाचा." पुन्हा वाचलं.

"म्हंजे काय झालं, गुरुजी?"

काहीतरी चूक असेल, चौकशी करतो, असं म्हणालो. चूक नाही हे पहिल्यांदा वाचतानाच कळलं होतं.

४ जुलै

आषाढ पौर्णिमा. वर्षावास लागला. विहाराच्या पत्र्याला दोन ठिकाणी भोकं, लोक मधली जागा सोडून बसले. पंचशील नेहमीप्रमाणे मी सांगितलं, बाकीचे मागून म्हणाले. मन वंदनेत नव्हतं.

गेल्या वर्षी सु. बी.एस्सी. झाली तेव्हा भोकरदनला शाळेत जागा होती. बोलावणंही आलं होतं. किसन म्हणत होता, घेऊ द्या तिला, घरी राहील, पोरगी डोळ्यांपुढं राहील. मी म्हणालो, एम.एस्सी. करू दे. शिष्यवृत्तीचं छापील पत्रक त्याच्यापुढे धरलं. त्याला वाचता येत नाही, तरी धरलं. "सरकारचा शब्द आहे, किसन." हे माझे शब्द. ती जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली.

किसन हे अजून मला म्हणाला नाही. म्हणाला तर बरं होईल.

११ जुलै

रजा टाकून औ.बाद. ऑफिसात दुपारपर्यंत बाकावर. मग कारकुनाने आत घेतलं. माणूस वाईट नव्हता, आधी पाणी विचारलं. हुकूम दाखवा म्हणालो, तर दाखवला. सायक्लोस्टाइलचा एकच कागद, खालच्या ओळी पुसट. "तूर्त" असा शब्द आहे. तूर्त म्हणजे किती दिवस, असं विचारलं. तो हसला.

"मास्तर, तुम्ही शिकलेले. मुलीच्या घरात जुनी नोंद कुणाची असेल की. बाप?"

"बाप शाळेत गेला नाही."

"सख्खा भाऊ?"

"आहे."

"मंग झालं. भावाचा प्रवेश-निर्गमचा उतारा आणा. गावातल्या पंचांचा एक कागद, की घरात देव आहेत, सणवार करतात. अन् पोरीची सही, मी हिंदू आहे म्हणून. शाळा कोणती?"

"माझीच. मी हेडमास्तर आहे."

"मंग तर तुमच्याच सहीचा उतारा. सगळेच आणून राह्यले, मास्तर. तुमच्यातले मोठमोठाले आणून राह्यले."

बाहेर पडलो तर पायऱ्यांवर आमचीच तीन-चार माणसं कागद चाळत बसलेली. एकमेकांच्या कागदाकडे कुणी बघत नव्हतं.

सु.ला प्रयोगशाळेच्या दाराशी भेटलो. बोटं पिवळी पडली आहेत. "गुरुजी, जेवलात का?" हा पहिला प्रश्न. यंदा तिचा प्रबंध आपल्याकडच्या विहिरींच्या पाण्यावर आहे. किसनने आयुष्यभर ज्या विहिरी खोदल्या त्यातल्या अकरा तिने निवडल्यात. कोणतं पाणी का खारं, कोणत्या पाण्याने पोरांचे दात पिवळे होतात, हे तपासते आहे. बाटल्या दाखवल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, विहिरीच्या मालकाचं नाव. मी म्हणालो, खोदणाऱ्याचं नाव नाही. म्हणाली, "ते प्रबंधात पहिल्या पानावर."

उताऱ्याचं तिला बोललो नाही. तिनेही ऑफिसात काय झालं ते विचारलं नाही. तिला माहीत असणारच.

१४ जुलै

रविवार. शाळेत एकटा. कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. सगळ्यांत खालचं निजामाच्या वेळचं, उर्दूतलं. त्यात "कौम" असा रकाना, म्हणजे जात. वाचता येतं अजून. माझं स्वतःचं नाव त्यात आहे आणि त्या रकान्यात जे आहे तेही आहे.

मग १९५४चं. भगवान किसन, सु.चा थोरला भाऊ. हिंदू महार. त्यावर लाल रेघ, शेजारी "बौद्ध", खाली माझी सही, तारीख १९५७ची.

तो दिवस आठवला. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हाचे हेडमास्तर सोवळ्यातले, निवृत्तीला आलेले. त्यांनी आपणहून किल्ली दिली, लाल शाईची दौत दिली. म्हणाले, "प्रत्येक खाडाखोडीखाली सही करा, नाहीतर तपासणीत मला विचारतील." वस्तीतली सगळी पोरं आयांनी धुऊनपुसून आणलेली, जणू लग्नाला. एकेक नाव मी मोठ्याने वाचायचं, रेघ मारायची, नवीन लिहायचं. गूळ वाटला. किसनने भगवानच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "गुरुजी, हे आता कायमचं का?"

कायमचं, म्हणालो.

सु. पुढच्या वर्षी आली. घरी तिला धुरपी म्हणत. रजिस्टरात सुजाता हे नाव मी लिहिलं. तिच्या ओळीवर कुठे रेघ नाही. ती पहिल्यापासून बौद्ध. तिच्या जागी खोडायलाही काही नाही.

१६ जुलै

किसन आला. अंगणातच उभा राहिला, बस म्हणालो तरी बसला नाही. हातापायाला मुरूम. कुणाची तरी विहीर चालू आहे.

कारकुनाने सांगितलेलं त्याला कळलंय, जालन्याहून भगवानने माणसाकडून निरोप धाडला. भगवान तिथे जिनिंगमध्ये आहे, त्याच्या मुकादमाच्या पोरानेही असाच कागद केला.

"उतारा द्या, गुरुजी."

"त्यावर रेघ आहे, किसन. रेघेसकट देतो. आज देतो."

"रेघेसकट त्येला कोण इचारतो? रेघ कशापायी लिवता? जे आधी व्हतं ते लिवा. आधी व्हतंच की. खोटं हाय का ते?"

खोटं नाही. हेच अवघड आहे. मी म्हणालो, अर्धं लिहिणं म्हणजे फसवणं. खोटं न बोलण्याचं चौथं शील आपण दर पौर्णिमेला घेतो.

तेव्हा तो बोलला. आवाज न चढवता. "शब्द सरकारचा हाय, असं तुमी म्हनल्ते. सरकार कधी आमच्या वस्तीत आलं न्हाई. तुमीच आल्ते."

गेला. ही चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली तेव्हा मी एकटाच.

बरं होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

२१ जुलै

रामराव देशमुख आमच्या शाळेत सहशिक्षक आहेत, गावच्या जुन्या जमीनदारांपैकी. मधल्या सुट्टीत खुर्ची जवळ ओढून बसले होते, ते आज लिहितो.

"गुरुजी, कागद कागदाच्या जागी. तुमची पोरगी हुशार आहे. सरकारनं तुम्हाला फसवलं, तुम्ही सरकारला थोडं फसवा. बराबर."

ते पुढे हसत म्हणाले, "आमच्या आजोबांनी तुम्हा लोकांना धर्म सोडू नका म्हणून हातापाया पडून सांगितलं, ऐकलं न्हाई. आता सरकारनं एका कागदात परत बोलावलं."

चेष्टा होती. त्यांच्या मनात विष नाही, आजारपणात त्यांनी माझे वर्ग महिनाभर घेतले आहेत. पण चेष्टेतलं जे खरं होतं ते दिवसभर पायात काट्यासारखं राहिलं. सरकारने पैसे काढून घेतले याचं तितकं नाही. देणाऱ्याचा हात आखडू शकतो. पण परत मागे जा, मग देतो, असं म्हणणं. जिथून निघताना आम्ही मागे वळूनही पाहिलं नाही तिथे.

जाताना रामराव म्हणाले, पंच म्हणून किसनने त्यांना बोलावलं आहे, शुक्रवारी.

२६ जुलै

शुक्रवार. जायचं नाही असं ठरवलं होतं. शाळा सुटल्यावर पाय तिकडेच वळले.

रामराव आणि आणखी दोघे पंच येऊन गेले होते, सह्या झाल्या होत्या. मी दारातून आत पाहिलं. समोरच्या भिंतीवर बुद्ध भगवंताची तसबीर असते, मीच दिलेली. ती नव्हती. तिथे फळी ठोकलेली, तिच्यावर लाल फडकं, त्यावर दोन पितळी टाक, खंडोबाचा आणि भवानीचा. हळद वाहिलेली. उदबत्तीही.

"कुठून आणले?"

गयाबाई खाली बघून म्हणाली, "माहेरून. आमच्या आत्याजवळ व्हते."

सत्तावन्न साली सगळ्यांनी आपापले देव नदीत सोडले. तिच्या माहेरीही सोडले, मी स्वतः गेलो होतो. या आत्याने दोन टाक ज्वारीच्या कणगीत खाली दडवले होते. सतरा वर्षं. दरवर्षी कणगी रिकामी झाली की पुसून पुन्हा ठेवायची.

"तसबीर कुठे आहे?"

"पेटीत हाय. कपड्यात गुंडाळून. पंच गेल्यावर लावनारच व्हते." मग अगदी हळू: "खोटं कशाला बोलू, गुरुजी. हळद वाहताना मला बी जरा बरं वाटलं."

किसन म्हणाला, "गप बस गं."

मी म्हणालो, असू दे. आणखी काय म्हणणार होतो? माझ्याशी खरं बोलणारी त्या घरात आज ती एकटीच होती.

३ ऑगस्ट

पौर्णिमा. विहारात माणसं कमी. किसन आला, सगळ्यांच्या मागे बसला. शील घेताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. मला वाटलं होतं अडखळेल. त्याच्या मनात काही गाठ नाहीच. त्याने लेकीसाठी केलं आणि संपलं. गाठ आहे ती माझ्यात.

घरी आल्यावर ही म्हणाली, "तुमचा पगार सरकारच देतं ना? मग सरकारनं शब्द मोडला तर राग येतो, अन् सरकारचीच नोकरी धरून ठेवता. किसननं घराची भिंत दिली. तुम्ही काय दिलं?"

ही कमी बोलते. बोलली की आठवडाभर पुरतं.

८ ऑगस्ट

सु.चं पत्र. कार्ड नाही, बंद पाकीट. वर लिहिलंय, वाचून दाखवू नका.

वसतिगृहात यादी लागली. कागद न आणलेल्या मुलींनी एक तारखेला खोल्या सोडायच्या. शेजारच्या खोलीतली परभणीची मुलगी आधीच गेली, जाताना सु.ला स्वतःची कंदिलाची काच देऊन गेली. सात विहिरींचं काम झालं. चार राहिल्या, त्यांचं पाणी दिवाळीनंतर पुन्हा घ्यावं लागेल. आईने भिंतीवर देव मांडले हे भगवानकडून कळलं. "मला कुणी विचारलं नाही," एवढं वाक्य एकटंच एका ओळीत. पुढे माझ्या तब्येतीची चौकशी. मागणं काहीच नाही.

चार वेळा वाचलं.

तिच्यासाठी प्रत्येकाने आपलं काहीतरी मोडलं आहे. एक मीच कोरडा. माझं शील साबूत, पगार साबूत, कपाटाची किल्लीही माझ्याच खिशात. हे शील म्हणावं की अंग चोरणं? मी तिला तिथवर नेलं. आता तिथे सोडून स्वच्छ हाताने घरी येऊन वंदनेला बसणं हेही

१४ ऑगस्ट

लिहिला.

शाळा सुटल्यावर, दार आतून लावून. दार का लावलं ते मलाच विचारतो. उताऱ्याच्या छापील कागदावर भगवानच्या ओळीतलं सगळं उतरवलं. नाव, बापाचं नाव, जन्म, धर्म व जात. त्या रकान्याशी आल्यावर रेघेखालचं लिहिलं, रेघेशेजारचं सोडलं. "मूळ नोंदीवरून खरी नक्कल" हे खाली छापलेलंच असतं. त्याखाली सही, शिक्का.

अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

संध्याकाळी वंदनेला बसलो. उदबत्ती लावली आणि उठलो.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. दरवर्षी मुलांना चार शब्द सांगतो. यंदा रामरावांना सांगा म्हणालो, घसा बसलाय. घसा बसलेला नव्हता. एकदा सुरू झालं की सोपं जातं.

१८ ऑगस्ट

रविवार. पहिल्या गाडीने औ.बाद. उतारा आणि पंचांचा कागद दोन्ही बरोबर. मला वाटत होतं तिला आधी हसू येईल, मग रडू. वाटेत तिला काय सांगायचं तेही ठरवत होतो. मन लावून अभ्यास कर, बाकीचं माझ्यावर सोड, असं.

वसतिगृहाच्या फाटकाशी दगडी बाकावर बसलो. तिने पाकीट उघडलं. वाचलं. रकान्यावर बोट ठेवलं.

"भगवानदादाच्या नावावर रेघ होती ना, गुरुजी? तुम्ही वर्गात दाखवलं होतं आम्हाला. चौथीत."

दाखवलं होतं. दरवर्षी दाखवतो.

"हो."

"तुम्ही लिहून आणलं."

"तुझ्यासाठी."

मग ती बोलली ते जवळजवळ तसंच उतरवतो. "मी इथं सगळ्यांना सांगून राह्यले होते, आमचे गुरुजी देणार न्हाईत. बाबा द्या म्हणाले, आई म्हणाली, दादा म्हणाला. मला वाटलं, कितीही म्हणू द्या, गुरुजी देणार न्हाईत. मंग मला काही ठरवावंच लागणार न्हाई. खोली गेली तर गेली. सरकारनं घालवली, असं म्हणता येईल. आता तुम्ही आणून दिलं. आता खोली गेली तर मी घालवली. अन् राहिली तर सही माझी."

मी म्हणालो, "सही करू नकोस मग. फाडून टाक."

"तुम्ही फाडा."

हात पुढे झाला नाही. कागद तिच्याच हातात राहिला. तिने होती तशी घडी घालून तो प्रयोगवहीत ठेवला आणि विचारलं, "चहा घेता ना?" कँटीनमध्ये चहा घेतला. तिने पैसे देऊ दिले नाहीत. मग विहिरींचं बोलली. दाभाडी वाटेवरच्या विहिरीत मीठ कुठून येतं ते सापडलंय म्हणे. मला नीट समजलं नाही, मान हलवत राहिलो.

परतीच्या गाडीत उभ्यानेच. सरकारने मला फसवलं हे दीड महिना मनात घोळवतो आहे. त्यात एक सुख असतं, हे आज कळलं. ते सुख आज मी तिच्याकडून काढून घेतलं.

२५ ऑगस्ट

पत्र नाही.

२९ ऑगस्ट

पत्र नाही. किसन शाळेत येऊन गेला. विहिरीला पाणी लागलं म्हणून खुशीत होता. "भरला असंल फारम तिनं?" मी म्हणालो, भरला असेल. त्याने माझा हात हातात घेतला. त्या दिवशी बोललो ते मनात ठेवू नका, असं म्हणाला. मुरमाने खरखरीत हात. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

३१ ऑगस्ट

शनिवार. आज शेवटचा दिवस. सकाळची शाळा. अकरानंतर ऑफिसात बसून राहिलो. तिकडे पाच वाजता खिडकी बंद होते. पाच वाजून गेले. तिने सही करावी असं वाटतंय की करू नये असं, हे स्वतःला स्पष्ट विचारायचा प्रयत्न केला. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

१ सप्टेंबर

पौर्णिमा. लोक जमले. आज दुसऱ्या कुणीतरी सांगा, असं म्हणायचा धीर झाला नाही. सुरू केलं. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्याशी आवाज निघाला नाही. लोक क्षणभर थांबले. त्यांना वाटलं, माझा श्वास लागला. मग गयाबाईनेच पुढे होऊन ते म्हटलं, पाठ आहे तिला, आणि सगळे तिच्या मागून म्हणाले. पाचवं मी घेतलं.

बाहेर पडताना म्हणाली, "जपा तब्येतीला, गुरुजी."

तसबीर परत भिंतीवर आहे. टाक आत्याला पोचवले का, ते मी विचारलं नाही.

१२ सप्टेंबर

लांब खाकी लखोटा. सरकारी कामी. शाळेच्या नावाने.

"आपल्या शाळेतून दिलेल्या उताऱ्याची पडताळणी करावयाची असल्याने मुख्याध्यापकांनी मूळ रजिस्टरासह दि. १६ रोजी समक्ष हजर राहावे." खाली नाव: कु. सुजाता किसन. असेच कागद फार आले म्हणून सगळ्यांचेच तपासत आहेत, असं रामराव म्हणाले.

म्हणजे तिने सही केली.

वाचल्यावर पहिल्यांदा आनंद झाला. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण थोड्या वेळाने जे वाटलं तेच आधी वाटलं होतं, असं मी पुढे स्वतःला सांगेन. आधी आनंदच झाला. खोली राहिली, चार विहिरी पुऱ्या होतील. मग तिचं ते बोट आठवलं, रकान्यावर ठेवलेलं.

मला तिने कळवलं नाही. बरोबर केलं. मीही तिला विचारून आणला नव्हता.

१५ सप्टेंबर

रविवार. उद्या पहिली गाडी.

रामरावांनी एक वाट सांगितली. ५४चं पान जीर्ण आहे, फाटलं असं दाखवायचं. कुणी मुद्दाम फाडलं असं दिसणार नाही. हिने दुसरी सांगितली. "रजिस्टर हरवलं म्हणा. शाळेत निजामाच्या वेळेपासूनचे उंदीर आहेत, काय धरून बसलात." बोलून हसली, मग हसू थांबलं आणि माझा सदरा इस्त्रीला घेतला.

किसनला सांगितलं. त्याला वाटलं, मोठ्या ऑफिसात बोलावलं म्हणजे काम पक्कं झालं. गयाबाईने वाटेसाठी दशम्या दिल्या आहेत.

दुपारी रजिस्टर उघडलं. त्या वेळच्या मुलांची नावं चार पानांवर आहेत. प्रत्येक ओळीत माझी लाल सही. पान फाडायचं तर भगवानचंच जाणार नाही, पाठीमागची सात मुलंही जातील. त्यातला एक लष्करात आहे, एक कंडक्टर, दोघे मेले. त्यांची आणखी कुठे नोंद आहे? त्यांनी नवीन काही म्हणून मिळवलं त्याचा हा एवढाच कागद.

रेघ दाखवली तर माझी सही खोटी ठरेल. नोकरी जाईल कदाचित. ते चालेल. आमच्या दोन्ही मुली आपापल्या घरी आहेत, आम्हा दोघांचं कसंही होईल. पण तिचीही सही खोटी ठरेल, आणि ती तिने माझ्या कागदावर विसंबून केली आहे. उतारा माझा, चूक माझी, मुलीला काही माहीत नव्हतं, असं सांगता येईल. तेही खोटंच. पण ते एक खोटं मी

नव्या धुतलेल्या फडक्यात रजिस्टर बांधून ठेवलं. पुन्हा सोडलं, पान पाहिलं, पुन्हा बांधलं. पान अजून जागेवर आहे.

सु.ला कळवायला कार्ड काढलं होतं. पत्ता लिहिला. बाकी कोरं. तसंच खिशात घेऊन जातो. ऑफिस आणि वसतिगृह यांच्यामध्ये एक चौक आहे. गाडीतून उतरलो की आधी कुठे वळायचं ते तिथे ठरेल.